पाऊस थांबला म्हणून मॅट गुंडाळू नका

पत्र: आमचं तळमजल्यावर घरगुती उपकरणांचं शोरूम आहे आणि मागे लहानसं ऑफिस. शोरूमला संगमरवरी फरशी आहे, ऑफिसात व्हाइनिल, म्हणजे प्लास्टिकची फरशी. पावसाळा लागला की दारात एक रबरी मॅट टाकतो, संपला की धुऊन माळ्यावर. गेल्या पावसात मॅट असूनही एक गिऱ्हाईक आत चार पावलांवर घसरलं. सुदैवानं लागलं नाही. तेव्हापासून माझं म्हणणं आहे की चांगल्या मॅट घेऊन त्या बारा महिने ठेवाव्यात. भागीदार म्हणतात, कोरड्या दिवसांत मॅट नुसती धूळ धरते, दिसायलाही वाईट, आणि रोज साफ करणार कोण? ऑफिसात एका रबरी मॅटखाली व्हाइनिलवर पिवळट-तपकिरी डाग पडलाय, तो कशानंच जात नाही. शिवाय काउंटरवरची मंडळी दिवसभर उभी असतात, त्यांनाही पायाखाली काहीतरी हवंय. आमच्या दोघांत कोणाचं बरोबर, आणि घ्यायची तर कुठली मॅट?

उत्तर:

नमस्कार,

भागीदारांनी तक्रार म्हणून जे सांगितलं, ते खरं तर तुमच्याच बाजूचं आहे. कोरड्या दिवसांत मॅट धूळ धरते, अगदी बरोबर. ती धूळ मॅटमध्ये नसती तर तुमच्या संगमरवरावर असती, आणि तिथून पंख्याच्या वाऱ्यानं मांडलेल्या मालावर.

संगमरवरावर ती काय करते ते आधी सांगतो, कारण वर्षभराचा मुद्दा तिथेच ठरतो. संगमरवर मुख्यतः कॅल्साइट या खनिजाचा बनलेला असतो. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्स नावाची श्रेणी आहे, सगळ्यात मऊ 1 आणि हिरा 10. कॅल्साइट त्यात 3 वर बसतो. बुटाच्या तळाला चिकटून येणाऱ्या रेतीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ बसतो 7 वर. असा एक कण आत आला की पुढच्या प्रत्येक माणसाची टाच तो फरशीवर घासत राहते. एका चरेनं काही दिसत नाही. हजारो चरे पडले की पॉलिश मेलेलं दिसतं. एक करून बघा. संध्याकाळी दारातून तिरपा उजेड येतो तेव्हा खाली वाकून दारापासून काउंटरपर्यंतचा पट्टा पाहा आणि मग कोपऱ्यातली, कोणी न चालणारी फरशी पाहा. दोन्हींत फरक दिसला तर मॅट माळ्यावर असतानाच्या महिन्यांचा हिशोब तुमच्यासमोर आहे. तो पट्टा पुन्हा घासून पॉलिश करून घ्यायला किती लागतात हे भागीदारांनाच विचारू द्या. मॅटचं बिल त्यानंतर फार बोचणार नाही.

पावसात निदान माणूस सावध असतो. पाणी दिसतं, लगेच पुसलं जातं. कोरडी रेती दिसत नाही, पायाला जाणवत नाही, आणि झाडूनं सारली की तिचा बारीक भाग उडून दुसरीकडे बसतो. म्हणून मी तर म्हणेन, एकच ऋतू निवडायची सक्ती झाली तरी नुसत्या पावसाळ्यासाठी मॅट घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

आता ते घसरलेलं गिऱ्हाईक. मॅट होती तरी घसरलं याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय. तुमच्या वर्णनावरून मला वाटत नाही. एक तर तुमची मॅट नुसत्या रबराची आहे. रबर पाणी शोषत नाही. ते तळ खरवडेल, चिखल खाली पाडेल, पण बूट ओलाच राहणार. आणि ‘दारात एक मॅट’ म्हणजे बहुधा उंबरठ्याएवढी असावी. माणसाचं एक पाऊल साधारण 70 ते 75 सेंटिमीटर पडतं. मॅट मीटरभराची असेल तर एक बूट तिच्यावर टेकतो आणि दुसरा कधीकधी तिला न शिवताच पलीकडे जातो. मग तो ओला बूट गुळगुळीत संगमरवरावर पहिल्यांदा टेकतो कुठे? मॅट संपताच, आणि पुढची तीन-चार पावलं तो ओलाच पडतो. तुमचं गिऱ्हाईक घसरलं त्याच पट्ट्यात.

हरित इमारतींना लीड नावाचं प्रमाणपत्र दिलं जातं. त्यात नेहमीच्या वापरातल्या प्रवेशद्वारापाशी चालण्याच्या दिशेनं किमान 3 मीटर लांबीची पायपुसण्याची व्यवस्था मागितलेली आहे. हा आकडा वाचून बरेच दुकानदार हसतात. पण पावलांचा हिशोब घाला: 3 मीटरमध्ये चार पावलं, म्हणजे प्रत्येक बूट दोनदा टेकला. एकदा खरवडला, एकदा पुसला. ही अगदी कामापुरती लांबी आहे, चैन नाही. जागा मिळाली तर याहून जास्त ठेवा. आणि हे 3 मीटर सगळे आतच हवेत असं नाही. बाहेर छपराखाली जागा असेल तर एक मीटर तिथे, दोन आत, असंही जमतं.

रुंदीही बघा. दार दुहेरी असेल आणि मॅट एकाच झडपेपुरती असेल तर माणसं दुसऱ्या झडपेनं आत येतात. मॅट अरुंद असली की लोक तिला वळसा घालतात, विशेषतः ती नवी आणि स्वच्छ दिसत असेल तेव्हा. आपल्याकडे स्वच्छ पायपुसण्यावर पाय द्यायला माणूस कचरतो, ही गंमत आहे खरी.

मापाचा सगळ्यात सोपा उपाय पुस्तकात नाही, फरशीवरच आहे. पुढच्या पावसात दाराजवळ उभं राहून ओली पावलं कुठवर उमटतात ते बघा आणि शेवटच्या ठशापाशी चिकटपट्टीचा तुकडा लावा. गर्दीच्या वेळी पुन्हा बघा. मॅट त्या पट्टीपर्यंत पोचली पाहिजे.

कुठली घ्यायची, याचं उत्तर एका नावात देता येत नाही, कारण दारात दोन वेगळी कामं असतात आणि ती एकाच मॅटकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. पहिलं काम खरवडण्याचं. ते बाहेर किंवा दाराला लागून व्हावं. त्यासाठी भोकांची रबरी मॅट, ताठ केसांची मॅट किंवा काथ्या. काथ्या खरवडतो उत्तम, पण त्याचे धागे गळतात आणि सतत ओला राहिला तर कुजतो, म्हणून तो छपराखाली, पाऊस थेट न लागेल अशा जागी. तुमची आत्ताची रबरी मॅट फेकू नका, तिची बदली बाहेर करा. दुसरं काम ओल आणि बारीक धूळ टिपण्याचं. ते आत. इथे कापडी पृष्ठभागाची, रबरी पाठीची मॅट लागते.

कापडी म्हणजे कुठल्या धाग्याची, हे दुकानदार सहसा सांगत नाही, तुम्ही विचारा. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त असतं, धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही म्हणून लवकर वाळतं, पण गर्दीच्या वाटेवर त्याचे केस लवकर दबून सपाट होतात आणि सपाट झालेली मॅट काही पुसत नाही. नायलॉन महाग, पण दबलेला केस पुन्हा उभा राहतो. रोज शेकडो माणसं येत असतील तर नायलॉनच घ्या. दिवसाला पंधरा-वीसच येत असतील तर पॉलिप्रॉपिलीन चालेल, उगीच खर्च नको. सुती मॅट पाणी भरपूर पिते पण वाळायला वेळ लावते. पावसाळ्यात ती सकाळी ओली, दुपारी ओली आणि संध्याकाळी कुबट. तिच्या नादी लागू नका. उंचवटे-खोलगटे असलेली एक जात मिळते, तिच्यात पाणी आणि माती खालच्या खाचांत बसते आणि बूट वरच्या उंचवट्यांवरून जातो. कडेला रबराचा बांध असतो, त्यामुळे साठलेलं पाणी फरशीवर सांडत नाही. पावसाच्या दिवसांत आत ठेवायला मला हीच जात पटते.

ऋतूप्रमाणे बदल करायचाच असेल तर मॅट काढण्याचा नको, कुठली आणि किती याचा करा. ओल्या दिवसांत आत टिपणाऱ्या मॅटचे दोन जोड हवेत. एक अंथरलेला, एक वाळत असलेला. हा दुसरा जोड नसेल तर बाकीचं सगळं बोलणं वाया आहे, कारण पाणी पिऊन भरलेली मॅट भरलेल्या स्पंजासारखी वागते: पाय दाबला की पाणी बाहेर. त्या क्षणापासून ती बूट पुसत नाही, ओला करते. कोरड्या दिवसांत एक जोड पुरतो, पण झाडणं वाढवावं लागतं. जिथे बर्फ पडतो तिथे आणखी एक भानगड असते, रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांबरोबर आत येतं आणि वाळल्यावर फरशीवर पांढरे थर देतं. तिथे खरवडणाऱ्या मॅटची लांबी वाढवतात आणि मॅट जास्त वेळा पाण्यानं धुतात.

आता ‘रोज साफ करणार कोण’. भागीदारांचा हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा खरा आहे आणि मॅट आणण्याआधी त्याचं उत्तर माणसाच्या नावानिशी ठरलं पाहिजे. मातीनं भरलेली मॅट असण्यापेक्षा नसलेली बरी, कारण ती स्वतःच घाण वाटू लागते. कोरडी धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात चांगला. एका दिशेनं फिरवा, मग आडव्या दिशेनं, म्हणजे केसांच्या मुळाशी बसलेली रेती वर येते. व्हॅक्यूम नसेल तर मॅट बाहेर नेऊन उलटी टाकून झटका. शोरूमच्या दारात उभं राहून झटकू नका. लोक सर्रास तसंच करतात आणि ती सगळी धूळ पहिल्या गिऱ्हाइकाबरोबर परत आत येते. हे काम फरशी पुसण्याआधी व्हायला हवं, नंतर नाही. कोरड्या दिवसांत रोज एकदा, गर्दीच्या दिवशी दोनदा. इतकंच.

आठवड्यातून एकदा मॅट उचलून तिच्या खालची फरशी पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मॅटच्या पाठीखाली बारीक रेती जाते, मग मॅट सरकायला लागते आणि खाली फरशीही घासते. ओल अडकली तर वास येतो आणि बुरशी धरते. लाकडी फरशी असती तर ती फुगली असती. उचललीच आहे तर परत ठेवताना अर्धा फेरा फिरवा, दाराकडचं टोक आत. दाराकडची बाजू नेहमी आधी झिजते, फिरवत राहिलं की झीज वाटली जाते.

धुताना साबण कमी. साबणाचा अंश केसांत राहिला की चिकटपणा येतो आणि धुतलेली मॅट आधीपेक्षा लवकर मळते. लोकांना वाटतं मॅट खराब निघाली. भरपूर पाण्यानं खळबळा आणि सपाट किंवा दांडीवर पसरून वाळवा. यंत्रात धुवायची असेल तर पाठ नायट्राइल रबराची आहे का ते विचारून घ्या. ती धुलाई आणि वाळवणी सोसते. व्हाइनिल पाठीची मॅट गरम पाण्यात आणि गरम हवेत वाकडी होते. आणि ठेवताना घडी घालू नका, गुंडाळा. घडीची रेघ मॅटमध्ये कायमची राहते आणि तिथेच पाय अडकतो.

पाय अडकण्यावरून दोन गोष्टी. घसरण्याची भीती सगळ्यांना असते, अडखळण्याची कोणालाच नसते, आणि मॅटपाशी माणसं दोन्ही प्रकारे पडतात. वर उचलला गेलेला कोपरा जड वस्तू ठेवून किंवा चिकटपट्टी लावून दाबायचा नाही. रबर कडक होऊन कड वळली असेल तर ती मॅट संपली, बदला. संगमरवरावर दुहेरी चिकटपट्टी तर अजिबात नको, तिचा गोंद काढताना पॉलिशची वाट लागते. मॅट सरकत असेल तर आधी मॅटची पाठ आणि फरशी दोन्ही स्वच्छ पुसून बघा. बहुतेक वेळा धूळ किंवा पॉलिशचा मेणचट थर हेच कारण निघतं. गुळगुळीत फरशीवर सपाट रबरी पाठ लागते, बारीक खुंट्यांची पाठ गालिच्यावर ठेवायच्या मॅटला असते. चुकीची पाठ आणली तर कितीही पुसा, ती सरकणार.

कडेची उंचीही मोजा. अमेरिकेत अपंगांना वावर सोपा व्हावा म्हणून 2010 मध्ये जी मानकं ठरली, त्यांत जमिनीच्या पातळीतला उभा फरक 6.4 मिलिमीटरपर्यंतच चालतो. त्याच्या वर 13 मिलिमीटरपर्यंत असेल तर कडेला उतार हवा. तुमच्याकडे नियम कुठलाही असो, चाकाची खुर्ची, काठी घेतलेली आजी आणि फ्रिज वाहणारी ट्रॉली या तिघांनाही हे माप उपयोगी आहे. तुम्ही जड उपकरणं विकता, म्हणजे ट्रॉली रोजची. तिची चाकं मऊ मॅटमध्ये रुततात आणि मॅट गोळा होते. माल शक्यतो मागच्या दारानं न्या. ते शक्य नसेल तर पुढे कधी फरशीचं काम काढाल तेव्हा दारात मॅटच्या जाडीएवढा खड्डा ठेवून मॅट फरशीच्या पातळीत बसवून घ्या. आज त्यासाठी फरशी फोडायची गरज नाही. हो, आणि दार आत उघडत असेल तर त्याखाली किती फट आहे ते मॅट घेण्याआधी पट्टीनं मोजा, नाहीतर नवी मॅट पहिल्याच दिवशी दाराबरोबर फरफटत जाईल.

ऑफिसातला डाग जाणार नाही. वाईट बातमी आहे, पण फिनेल, ॲसिड, घासणी यांत आणखी पैसे घालवू नका. रबर टिकावं म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती व्हाइनिलमध्ये झिरपतात आणि त्याचा रंगच बदलतात. डाग वर बसलेला नाही, आत गेलेला आहे. व्हाइनिलचा तेवढा तुकडा बदलणं किंवा त्यावर टेबल सरकवणं, हे दोनच उपाय. मी असतो तर टेबल सरकवलं असतं. यापुढे व्हाइनिलवर रबरी पाठ थेट टेकवू नका. तिथे व्हाइनिलवर चालते असं उत्पादकानं लिहून दिलेली मॅटच घ्या. तोंडी आश्वासन पुरत नाही, कारण डाग काही महिन्यांनी उमटतो आणि तोवर विकणारा विसरलेला असतो.

काउंटरमागची मॅट हा निराळा प्रकार आहे, दारातलीच एक तिकडे टाकली असं चालणार नाही. कडक फरशीवर माणूस एका जागी उभा राहिला की पोटऱ्यांचे स्नायू आखडून राहतात आणि रक्त वर ढकलायला मदत करणारी त्यांची हालचाल थांबते. थकवा कमी करणाऱ्या मॅट किंचित दबतात, त्यामुळे तोल सावरताना पाय सतत थोडेथोडे हलत राहतात. जाडी साधारण 12 ते 20 मिलिमीटर, कडा उतरत्या. फार मऊ घेऊ नका. अंगठ्यानं दाबल्यावर तळाची फरशी लागत असेल तर ती मॅट वजनाखाली चपटी होणार, आणि गादीसारखी असेल तर घोट्यांवर उलटा ताण. कर्मचाऱ्यांनाच बूट घालून दहा-पंधरा मिनिटं त्यावर उभं राहू द्या आणि मग घ्या. मात्र मॅट टाकली म्हणून उंच स्टूल नाकारू नका. मध्येमध्ये बसणं, एक पाय टेकवायला खाली छोटी पायरी, पाळीपाळीनं जागा बदलणं, यांची बरोबरी कुठलीच मॅट करत नाही. खरं विचाराल तर आधी स्टूल आणा, मग मॅट.

एक इशारा जाता जाता, कारण जुन्या रबरी मॅट इकडेतिकडे फिरवायची सवय असते: विजेच्या पॅनेलसमोर साधी रबरी मॅट टाकून निर्धास्त राहू नका. काळ्या रबरात कार्बन असतो आणि असं रबर वीज वाहूही शकतं. पॅनेलसमोर वीजरोधक म्हणून तपासलेली, ठराविक विद्युतदाबाच्या (व्होल्टेजच्या) वर्गाची मॅटच लागते; आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 61111 त्यासाठीच आहे. आणि ती मॅट तिथून उचलून दारात आणायची नाही.

विकत घ्यायची की भाड्यानं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण धुण्याचा प्रश्न भागीदारांना छळत असेल तर विचार करा. काही ठिकाणी ठराविक दिवसांनी मळलेली मॅट नेऊन धुतलेली देणाऱ्या सेवा असतात. तुमच्याकडे मॅट पसरून वाळवायला जागा नसेल तर भाडं परवडतं. जागा असेल आणि रोज येणारा सफाईवाला असेल तर विकतच घ्या. भाड्याच्या करारात एक ओळ नीट वाचा: पावसात मॅट बदलायची वारंवारता वाढवून मिळते की नाही. मिळत नसेल तर सही करू नका.

खरेदी एकदम नको. आधी बाहेरची खरवडणारी, तुमच्याकडे आहेच. मग आतली टिपणारी, एक जोड, पुरेशा लांबीची. महिनाभर ती रोज साफ होते आहे असं दिसलं की दुसरा जोड आणि काउंटरची मॅट. भागीदारांना दुकानाचं नाव छापलेली मॅट हवी असेल तर हरकत नाही, फक्त रंग फिका घेऊ नका, आणि आधी लांबी, मग नाव. नावासाठी मॅट मागवली की ती हमखास आखूड येते, कारण छपाईचे दर मापावर असतात आणि तिथे सगळ्यांचा हात आखडतो.